पेशव्याला आठ लाख देणारा माल्कम

दरवर्षी १ जानेवारीला नांदेड-लातूरकडून जीपगाड्या भरून आपली माणसे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. तिथल्या भाषणांत कॅप्टन स्टाँटनचे नाव येते, जॉन माल्कमचे येत नाही. पण बाजीरावाशी शेवटचा करार केला तो याच स्कॉटिश अधिकाऱ्याने.

माल्कम १७६९ मध्ये स्कॉटलंडात जन्मला. भावंडे १७, बाप कर्जबाजारी. कंपनीच्या साहेबांनी या कोवळ्या पोराला विचारले, हैदरअली भेटला तर काय करशील? मुंडके उडवीन, म्हणाला. झाली भरती! १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला. पुढे फारसी शिकला, आणि आमच्या मते तलवारीपेक्षा या भाषेनेच त्याला वर नेले. १७९८ मध्ये तो हैदराबादेत रेसिडेंटचा मदतनीस झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाकडेच होता. निजामाची फ्रेंच अंमलदारांखालची फौज त्याच वर्षी निःशस्त्र झाली, त्यात माल्कमचा हात होता. नंतर श्रीरंगपट्टण, इराणच्या वकिलाती, १८१७ मध्ये महिदपूरची लढाई.

१ जानेवारी १८१८ ला आपले महार शिपाई कोरेगावी दिवसभर उपाशीतापाशी लढले. स्तंभावर 'नाक' लागलेली २२ नावे आहेत. त्यानंतर बाजीराव पाच महिने पळत राहिला आणि जूनमध्ये अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमने काय कबूल केले? सालीना आठ लाख रुपये, तहहयात! लढाई लांबू नये म्हणून, असे त्याचे म्हणणे. गव्हर्नर जनरललाही रक्कम जास्त वाटली, पण दिलेला शब्द पाळला गेला.

आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. शिपायाचा पगार तेव्हा महिना साधारण सात रुपये. म्हणजे साडेनऊ हजार शिपायांचा वर्षाचा पगार एकट्या बाजीरावाला. १८५१ पर्यंत तो ब्रह्मावर्तास जगला. अडीच कोटींच्या वर रुपये गेले. आणि १८९२ च्या सुमारास याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. इंग्रज आपल्यासाठी लढले असे स्टेजवरून सांगणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

१८२७ ते १८३० माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची. १८३३ मध्ये तो लंडनला वारला. त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईत फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये आहे. चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी सवड काढून मुलांना दाखवावा.