वेढे किती, तांबे किती?

मोटारीच्या गुंडाळीवर युनियनचा माणूस काय बोलणार, अशी शंका काहींना येणे साहजिक आहे. आम्ही इंजिनियर नव्हे; शाळा सातवीतच सुटली. पण गुंडाळी करणाऱ्या कामगारांच्या दराचा तंटा चालवताना हे शास्त्र आम्हाला शिकावेच लागले.

हल्ली घरोघर येणारा, कमी वीज खाणारा छताचा पंखा घ्या. त्याच्या फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि स्थिर भागाच्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे. वेढ्यांतून प्रवाह गेला की खाचांमधले लोखंडी दाते चुंबक बनतात आणि फिरत्या चुंबकांना ओढतात, ढकलतात. हा जोर प्रवाह आणि वेढ्यांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतो.

मग वेढे वाढवले की जोर फुकटात वाढला, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. परंतु खाच तेवढीच असते. वेढे दुप्पट करायचे तर तार निम्म्या छेदाची घ्यावी लागते. लांबी दुप्पट, छेद निम्मा. म्हणजे रोध चौपट. उलट तेवढ्याच जोराला प्रवाह निम्मा पुरतो. तारेतली उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: पाव गुणिले चार, उत्तर एक. उष्णता होती तेवढीच राहिली!

वेढ्यांची संख्या ठरते ती विजेच्या दाबावरून. चुंबक फिरताना वेढ्यांत पुरवठ्याला विरोध करणारा दाब उपजतो, आणि तो वेढे व वेग यांच्या प्रमाणात असतो. बारा व्होल्टची मोटार त्याच वेगाने अठ्ठेचाळीसवर चालवायची तर वेढे चौपट हवेत. 16 नंबरच्या तारेऐवजी 21 नंबरची, बरोबर निम्म्या व्यासाची. (नंबर वाढला की तार बारीक, ही गंमत नवख्याला हमखास चकवते.)

उष्णता घटते ती खाचेत तांबे अधिक बसल्याने. गोल तारांमध्ये पोकळी राहते, तारेवर लेप असतो, खाचेत कागद असतो. हाताने भरलेल्या खाचेत शंभरातले चाळीस भाग तांबे असले तर काम बरे म्हणायचे. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रे आली. पण जिथे हात आहे तिथे तारा एकमेकींवर आडव्या न पडू देता बसवणे, खाचेबाहेरचे वळण आखूड ठेवणे, हे त्या हाताचेच कसब. बाहेरचे वळण जोर देत नाही, तापते मात्र.

एका कारखान्यात वेढे मोजून मजुरी होती. घाई वाढवली, तशी तार खाचेत मावेना. तेव्हा कचेरीने 22 नंबरऐवजी 23 नंबरची तार दिली, वेढे तेवढेच. व्यास 0.71 मिलिमीटरवरून 0.61 वर आला, म्हणजे तांबे चौथाईहून अधिक घटले आणि उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढली. निओडिमियमचे साधे चुंबक ऐंशी अंशांपलीकडे तापले तर कायमचे दुबळे होऊ शकतात. मग तोच जोर द्यायला प्रवाह जास्त लागतो, आणि तो तारेला आणखी तापवतो. मोटारी परत येऊ लागल्या. ठपका गुंडाळणाऱ्यांवर आला, मजुरी कापली गेली.

वाटाघाटीत आम्ही हाच हिशेब कागदावर मांडला. 22 नंबरची तार परत आली, मोटारीमागे वेळही वाढवून मिळाला. कापलेली मजुरी मात्र मिळाली नाही.