रकाना भरला, पण बरोबर भरला का?

दोस्तांनो, वर्षभरात तुम्ही किती ऑनलाइन फॉर्म भरता, कधी मोजलेत? शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा, पोलीस भरतीचा, जात पडताळणीचा. शिवाय घरच्यांसाठी पिकविम्याचा, आजीच्या निराधार योजनेचा आणि शेजारच्या काकूंचा, त्या वेगळ्याच. बीड जिल्ह्यातल्या गावांत घरातलं शिकलेलं पोरगं किंवा पोरगी म्हणजे अख्ख्या गल्लीचं ऑनलाइन सेंटर असतं. त्यामुळे आजचा विषय वरवर कोरडा वाटला तरी तो थेट तुमच्या बोटांशी आणि घरच्यांच्या पैशांशी संबंधित आहे.

आधार क्रमांक टाइप करताना चार आकडे झाले की आपोआप मोकळी जागा पडते, हे तुम्ही पाहिलं असेल. जन्मतारखेत दोन आकड्यांनंतर तिरपी रेघ स्वतःहून उमटते. पॅन टाकताना लहान अक्षर दाबलं तरी मोठंच दिसतं. मोबाइलच्या रकान्यात अकरावा आकडा कितीही दाबा, उमटतच नाही. हे सगळं करतो तो ‘इनपुट मास्क’. मास्क म्हणजे टाइप करताकरताच माहितीला ठरलेल्या आकारात बसवणारा साचा. (‘मास्क्ड आधार’ ही वेगळी भानगड आहे. तिथे पहिले आठ आकडे झाकून फक्त शेवटचे चार दाखवतात. नाव सारखं, काम निराळं.)

ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या सुमारास आलेल्या कोबॉल या संगणकभाषेत ‘पिक्चर’ नावाची सोय होती. त्यात ९ लिहिलं की तिथे अंक येणार, ‘ए’ लिहिलं की अक्षर आणि ‘एक्स’ लिहिलं की काहीही. पुढे वेबसाइटसाठी तयार झालेल्या कितीतरी मास्कमध्येही ९ म्हणजे अंक हीच खूण राहिली. त्याच्याही आधी बँकेच्या कागदी स्लिपवर एका अक्षराला एक चौकोन असायचाच की! मास्क हा त्या चौकोनांचाच नातू.

साच्याला काय कळतं?

आपल्या रोजच्या क्रमांकांचे साचे बघा. आधार बारा अंकी, पहिला अंक ० किंवा १ कधीच नसतो. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर ‘पी’ असेल तर ते पॅन व्यक्तीचं. आयएफएससी अकरा जागांचा : पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवी जागा कायम शून्याची आणि उरलेल्या सहा शाखेच्या. त्या पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ दाबणारे आपल्यात शेकड्याने सापडतील. चांगला मास्क तो ‘ओ’ तिथेच थांबवतो किंवा मुकाट्याने शून्य करून टाकतो. इथे मास्क आपला दोस्त.

आधारची तर आणखी एक गंमत आहे. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाची १९६९ मधली ही रीत. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि फॉर्मला चूक लगेच पकडता येते. पण हे मास्कचं काम नाही, ती पुढची तपासणी. मास्क फक्त आकार बघतो. आकडा खरा आहे का आणि तो तुमचाच आहे का, हे त्याला कळत नाही. सगळा लोचा इथेच होतो.

हिरवी खूण, पण ओटीपी भलतीकडे

हा प्रसंग आपल्याकडे घरोघरी घडण्यासारखा आहे. आई-वडील ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेत. फॉर्म भरायचाय गावात, ओटीपी येणार फडातल्या फोनवर. तुम्ही वडिलांचा नंबर कॉन्टॅक्टमधून कॉपी करून रकान्यात चिकटवता. कॉपी होताना पुढे ‘+९१’ येतं. मास्क काय करतो? अधिकचं चिन्ह आणि मोकळी जागा काढतो आणि पहिले दहा अंक ठेवतो. म्हणजे ९१ आणि नंबरचे पहिले आठ अंक. शेवटचे दोन गायब!

आता खरी मेख बघा. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. हा तुकडा ९ ने सुरू होतो आणि आहे बरोबर दहा अंकी. म्हणून फॉर्म खूश, हिरवी खूण हजर. ओटीपी मात्र वडिलांकडे न जाता भलत्याच नंबरकडे निघाला. तुम्ही फोन करून विचारता, “बाबा, आला का?” ते म्हणतात, “नाही रे, रेंज नसंल.” तासभर रेंजला शिव्या बसतात, चूक असते साच्याची.

असंच आधारचं. कार्डावरचा क्रमांक मोकळ्या जागांसह चिकटवला की तो चौदा खणांचा होतो. रकान्याने बारा खणांची मर्यादा घातली असेल तर शेवटचे दोन अंक कापले जातात. इथे निदान फॉर्म ओरडतो तरी.

एक जूनवाल्यांनो, जपून

आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांत १ जूनला जन्मलेले लोक ढिगाने सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख, आता सगळ्या कागदांवर पक्की झालेली. ती आपण लिहितो ०१/०६. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तिथल्या साच्यात ०१/०६ म्हणजे सहा जानेवारी. एखाद्याने तिकडचा तयार कोड जसाच्या तसा उचलून आपल्या साइटवर टाकला, तर १५ जूनवाला सुटतो, कारण पंधरावा महिना नसतो आणि फॉर्म लगेच अडतो. एक जूनवाला मात्र गुपचूप सहा जानेवारीचा होऊन बसतो. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. पुढे टीसीशी तारीख जुळत नाही, तेव्हा हेलपाटे सुरू.

ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर यावर साधा तोडगा आहे. जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने आणि प्रत्येकावर नाव. रेघ नाही, मास्क नाही, गोंधळही नाही.

जुनं पासबुक, मेलेला कोड

मराठवाड्याचं स्वतःचं उदाहरण आयएफएससीचं. निजामाच्या काळात, १९४१ मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तिचीच पासबुकं. १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. शाखा त्याच राहिल्या, पण कोडच्या सुरुवातीचं ‘एसबीएचवाय’ जाऊन ‘एसबीआयएन’ आलं. कपाटातल्या जुन्या पासबुकावरचा कोड आजही आकाराने अगदी शुद्ध आहे : चार अक्षरं, शून्य, सहा अंक. मास्क त्याला आनंदाने आत घेईल. तो कोड संपलाय, हे रिझर्व्ह बँकेच्या यादीशी ताडून पाहिलं तरच समजेल. म्हणून चांगला फॉर्म कोड टाकताच बँकेचं आणि शाखेचं नाव दाखवतो. ते नाव न वाचता पुढे जाऊ नका. अनुदान असो की विम्याचे पैसे, वाट तिथूनच चुकते.

साचा आणि आपला जिल्हा

काही साचे तर आपल्याला ओळखतच नाहीत. गट नंबर विचारणारा रकाना फक्त अंक घेतो आणि सातबाऱ्यावर असतं १२५/२/अ. आता तिरपी रेघ आणि ‘अ’ कुठे ठेवायचा? ते सोडून दिलं तर शेत आपलं राहत नाही, शेजाऱ्याचं होतं. बीड शहराचा पिनकोड ४३११२२, म्हणून कुणी ‘बीड जिल्हा म्हणजे ४३१’ असा नियम बसवला, तर आष्टीकर बाहेर. त्यांचा पिन ४१४२०३, नगरच्या मालिकेतला. गाडीच्या नंबरचा साचा ‘एमएच’पासूनच सुरू केला, तर बीडचा एमएच २३ आणि अंबाजोगाईचा एमएच ४४ आरामात बसतात. पण २०२१ मध्ये आलेली ‘बीएच’ मालिका अंकांनी सुरू होते, ती गाडी दारातच उभी.

मराठी अंकांची तर वेगळीच कथा. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असेल आणि तुम्ही ‘४३११२२’ टाइप केलं, तर बरेच साचे ते अंक मानतच नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक’ म्हणून जी नेहमीची खूण वापरतात, ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. रकाना रिकामाच राहतो, कारणही सांगत नाही. आजोबांना वाटतं फोन बिघडला. फोन ठीक असतो हो, साच्याला मराठी येत नाही एवढंच.

फॉर्म भरणाऱ्यांसाठी

नंबर चिकटवल्यावर शेवटचे चार अंक मूळ कागदाशी ताडून बघा, सुरुवातीचे नाही. काप बसतो तो शेपटीला. तारखेचा क्रम रकान्याखाली वाचा. शक्य तिथे महिना नावाने निवडा. खातेक्रमांकाची लांबी बँकेगणिक वेगळी असते, मास्क तिथे तुम्हाला वाचवू शकत नाही. म्हणून तो दोनदा विचारतात. दुसऱ्यांदा कॉपी न करता पासबुकातून वाचून टाका. आणि सबमिट करण्याआधीचं शेवटचं पान ज्याचा फॉर्म आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. काकूंना कोड कळत नसला तरी आपल्या बँकेची शाखा नक्की कळते.

फॉर्म बनवणाऱ्यांसाठी

तुमच्यातले कितीतरी जण बीसीए, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंगला आहात. उद्या हे रकाने तुम्हीच बनवणार. मग एवढं करा. लोकांना जसं सोपं वाटेल तसं लिहू द्या, मोकळ्या जागा आणि रेघा नंतर तुमचा प्रोग्राम काढेल. मोबाइल नंबर चिकटवला आणि बारा अंक भरून पुढे ९१ आलं, तर ते काढा, मागचे दहा ठेवा. मराठी अंक इंग्रजीत बदलून घ्या, काही ओळींचं काम आहे. खातेक्रमांक संख्या म्हणून साठवू नका, सुरुवातीची शून्यं उडतील. चिकटवण्यावर बंदी घालू नका. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ असं न म्हणता ‘आधारचे बारा अंक हवेत, दहाच आलेत’ असं मराठीत सांगा. आणि मास्क हा ब्राउझरमधला दरवान आहे, त्याला चुकवून आत येता येतं. म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासणी हवीच.

शेवटी, बनवलेला फॉर्म कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून थांबू नका. साध्या अँड्रॉइड फोनवर, मराठी कीबोर्ड लावून, गावातल्या एखाद्या काकांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. त्यांचं बोट जिथे अडखळेल, तिथे तुमचं काम बाकी आहे असं समजा.