पोलिसी रडारचा कानोसा

रडार डिटेक्टर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पल्ल्याचा. किती लांबून पोलीस कळतात? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर भौतिकशास्त्राने आधीच ग्राहकाच्या पदरात टाकलेलं आहे. काळोखात कुणी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधत असेल, तर तुम्ही त्याला दिसायच्या कितीतरी आधी त्याची बॅटरी तुम्हाला दिसते. पोलिसांच्या रडार गनचं तसंच आहे. तिच्या लहरींना गाडीपर्यंत जाऊन, आपटून परत यावं लागतं. डिटेक्टरला त्या नुसत्या येताना पकडायच्या असतात. अंतर दुप्पट झालं की डिटेक्टरला मिळणारी शक्ती एक चतुर्थांश होते. गनकडे परतणारा प्रतिध्वनी मात्र एक सोळांश उरतो. त्यामुळे बरा डिटेक्टर पल्ल्यात सहसा कमी पडत नाही. महागडा आणि स्वस्त यांतला खरा फरक दुसरीकडे आहे, आणि जाहिरातीत तो ठळक अक्षरांत नसतो.

हा खेळ मुळात अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या हातून वेगमापक तयार झाला आणि १९४७ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ग्लास्टनबरी इथे पोलिसांनी तो रस्त्यावर वापरून पाहिला. त्यामागचं तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये जोडताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेलं. समोरून येणाऱ्या वस्तूवर आपटलेली लहर परतते तेव्हा तिची वारंवारता थोडी वाढलेली असते. किती थोडी? २४.१५ गिगाहर्ट्झची गन आणि ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी घ्या. फरक येतो जेमतेम साडेचार हजार हर्ट्झचा. अब्जावधींतले साडेचार हजार! पण मूळ लहर आणि परतलेली लहर एकत्र मिसळली की हाच फरक वेगळा सुटून निघतो, आणि तो चक्क माणसाच्या कानाला ऐकू येण्याजोगा असतो.

१९७४ मध्ये तेलटंचाईमुळे अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा घातली. मोकळ्या, सरळसोट रस्त्यांवर ती पाळणं लोकांच्या जिवावर आलं, आणि ‘फझबस्टर’ नावाची रडार ओळखणारी डबी खपू लागली. ती तशी ढोबळच होती. १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या दोन अभियंत्यांनी, जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांनी, ‘एस्कॉर्ट’ आणला. त्यात रेडिओसारखा सुपरहेटरोडाइन रिसीव्हर होता. आत एक छोटा दोलक स्वतःची लहर तयार करतो, बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळते आणि क्षीण संकेतही ओळखता येतो. संवेदनशीलतेचा प्रश्न तिथेच बराचसा सुटला. पुढे व्हॅलेंटाइन यांनी १९९२ मध्ये स्वतंत्रपणे काढलेल्या यंत्रात दोन अँटेना होते, आणि रडार पुढे आहे, बाजूला आहे की मागे, हे बाणांनी दिसू लागलं. मला विचाराल तर पल्ल्याच्या आकड्यांपेक्षा हे बाण जास्त कामाचे. इशारा देणारी वस्तू मागे पडली हे कळलं, तर पुढचे दोन मैल उगाच धाकधूक राहत नाही.

आता खरी अडचण. पोलिसी रडार प्रामुख्याने तीन पट्ट्यांत चालतं: १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा जुना एक्स, २४च्या आसपासचा के आणि ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधला केए. केए पट्टीत गोंगाट कमी, तिथे डिटेक्टर ओरडला तर बहुधा खरं असतं. के पट्टीत मात्र बाजार भरलेला आहे. मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे तिथेच. त्याहून त्रासदायक म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्या. बाजूच्या न दिसणाऱ्या जागेत वाहन आलं की आरशात दिवा लावणारी यंत्रणा अनेक गाड्यांत २४ गिगाहर्ट्झवर चालते. अशी गाडी तुमच्या मागे लागली की स्वस्त डिटेक्टर मैलोन्‌मैल बोंबलत राहतो. चौथ्या खोट्या इशाऱ्यानंतर चालक त्याचा आवाज बंद करतो, आणि नेमका पाचवा खरा असतो.

म्हणून पैसे मोजायचे ते दुर्लक्ष करण्याच्या अकलेसाठी. पोलिसांची नेहमीची गन एकाच वारंवारतेवर स्थिर असते, गाड्यांमधली यंत्रणा सहसा वर-खाली सरकत राहते. चांगल्या यंत्रातला प्रोसेसर हा फरक ओळखतो. जीपीएस असेल तर रोजच्या वाटेवरच्या दुकानांचे दरवाजे तो लक्षात ठेवतो आणि तिथे गप्प बसतो. गाळणी फार कडक लावली तर खरा संकेतही गाळला जाण्याचा धोका आहेच. गाडीच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा लेप असेल, तर आधी त्याची चौकशी करा. असा लेप सूक्ष्मलहरीही अडवतो, मग यंत्र कितीही भारी असो.

ऐकणारं यंत्र स्वतःही थोडं बोलतं, ही यातली गंमत. आतल्या दोलकाची लहर अँटेनातून बाहेर झिरपते, आणि ती टिपणारी उपकरणं पोलिसांकडे आली. या झिरपण्याने उपग्रह संदेश घेणाऱ्या छोट्या अँटेनांमध्येही व्यत्यय येऊ लागला, तेव्हा २००२ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने त्यावर मर्यादा घातली. खासगी गाडीत डिटेक्टर बाळगणं तिथे बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे. व्हर्जिनिया राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन हे अपवाद. न्यू जर्सीतून वॉशिंग्टन दाखवायला पाहुण्यांना घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबाने तो निघण्यापूर्वी काढून ठेवलेला बरा. रडारमध्ये अडथळा आणणारे जॅमर तर संघीय कायद्यानेच बंद आहेत.

दोन ठिकाणी सगळीच हुशारी थिटी पडते. एक, गन बंद ठेवून बसलेला पोलीस. तुम्ही टप्प्यात आल्यावरच तो कळ दाबतो; डिटेक्टर वाजतो तोवर मोजमाप झालेलं असतं. पुढच्या एखाद्या गाडीवर त्याने आधी कळ दाबली आणि तिच्यावर आपटून उडालेली लहर तुमच्यापर्यंत आली, तरच वाचलात. दोन, लेझर गन. रडारचा झोत १२ अंश रुंद धरला तर ३०० मीटरवर तो साठेक मीटर पसरतो. लेझरचा जेमतेम एक मीटर. तो नेमका एका गाडीच्या नंबर प्लेटवर रोखता येतो, आणि स्पंदांच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अर्ध्या सेकंदाच्या आत वेग निघतो. डिटेक्टरचा लेझर इशारा बहुतेकदा दंड झाल्याची पोच असते.

महाराष्ट्रातल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गनच असतात, त्यामुळे परदेशातून येताना भाचा ही डबी घेऊन आला तरी इथे तिच्या कानावर फारसं काही पडायचं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर आता सरासरी वेगही मोजतात: एका कमानीवरचा कॅमेरा गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो, पुढच्या कमानीवरचा पुन्हा टिपतो, आणि मधलं अंतर वेळेने भागलं जातं. या हिशेबाला गाडीवर कुठलीही लहर सोडावी लागत नाही.