नवं जॅकेट जुनं करताना

साहसपटातला शिकारी म्हटला की खाकी जॅकेट आणि सोला टोपी आलीच. चार मोठे खिसे, कमरेला पट्टा असं हे जॅकेट ब्रिटिशांच्या उष्ण प्रदेशातल्या लष्करी गणवेशावरून आलं. टोपी शोला या पाणवनस्पतीच्या भेंडाची. वजनाला हलकी, उन्हाला आडोसा देणारी.

वेशभूषाकाराची खरी कसोटी मात्र शिवून झाल्यावर लागते. कोरा कपडा पडद्यावर लगेच उघडा पडतो. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मधलं इंडियाना जोन्सचं चामडी जॅकेट डेबोरा नाडूलमन यांनी तारेच्या ब्रशने आणि चाकूने घासून जुनं केलं. ‘आउट ऑफ आफ्रिका’ (१९८५) मध्ये मिलेना कॅनोनेरो यांनी १९१३ नंतरचा केनिया कपड्यांतून उभा केला. या पोशाखाचा रुबाब पाहताना शिकाऱ्यांची ओझी वाहणारे आफ्रिकी हमाल विसरू नयेत.