सातासमुद्रापार नारळीभात

श्रावणी पौर्णिमेस वरळी कोळीवाड्यातून सोनेरी वेष्टनाचा नारळ वाजतगाजत समुद्राकडे निघतो. पूर्वी पावसाळ्यात थांबलेली व्यापारी गलबतेही याच सुमारास बंदर सोडीत. म्हणून मुंबईचे व्यापारीही सागरास श्रीफळ वाहत.

परदेशातील मराठी घरांतही या दिवशी तुपात लवंगा टाकून तांदूळ परततात, गूळ-खोबऱ्यात शिजवितात, वर वेलदोड्याची पूड. ताज्या नारळाऐवजी गोठविलेला कीस चालतो. पदार्थ साधतो, समुद्र मात्र सोबत नेता येत नाही.

आणि तो कोळीवाड्यातही गृहीत धरता येत नाही. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्यांना वाट मिळावी यासाठी कोळी बांधव झगडले. २०२२च्या अखेरीस खांबांतील अंतर ६० ऐवजी १२० मीटर ठेवण्याचे ठरले. नारळ वाहावयास सागरापर्यंतची वाट तर मोकळी हवी!