धातूचा शीण आणि क्ष-किरण

बोरीबंदर ते दादर हें अंतर सुमारें ९ किलोमीटर. लोकलच्या चाकाचा परीघ अदमासें ३ मीटर धरला, तर एवढ्या प्रवासांत चाक ३,००० वेळां फिरतें. दोन चाकांना जोडणारा पोलादी आस डब्याच्या भारानें किंचित् वांकलेला असतो. त्याचा जो भाग आतां ताणला जातो, तोच अर्ध्या फेरीनंतर दाबला जातो. हा ताण आसाच्या शक्तीच्या मानानें थोडा. पण तोच कोट्यवधि वेळां आला, तर पोलाद शिणूं शकतें, आणि एके दिवशीं नवा आघात नसतांही मोडतें. फ्रान्समध्यें व्हर्सायच्या लोहमार्गावर १८४२ सालीं एंजिनाचा आस असाच मोडून मोठा प्राणनाश झाला.

मोडलेल्या आसाचें तोंड कांहीं ठिकाणीं गुळगुळीत, कांहीं ठिकाणीं खडीसाखरेसारखें दाणेदार दिसतें. त्यावरून, हादऱ्यांनीं पोलादाचे स्फटिक बनतात, असा समज कारखान्यांतून पुष्कळ वर्षें रूढ होता. तो चुकीचा असल्याचें क्ष-किरणांनींही दाखविलें. स्फटिकांतून जातांना हे किरण ठराविक दिशांनाच वळतात, हें १९१२ सालीं माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून केलेल्या प्रयोगानें सिद्ध झालें. त्यासच विवर्तन म्हणतात. पुढें ब्रॅग पितापुत्रांनीं त्यावरून अणूंच्या थरांमधील अंतर मोजण्याची रीत बसविली. पोलाद मुळांतच स्फटिकमय असतें. शीण स्फटिक घडवीत नाहीं, त्यांची मोडतोड करतो! १९३६ सालीं इंग्लंडांतील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या गफ व वुड यांनीं हेंच दाखविलें. अखंड आरशाचा कवडसा एकच व ठळक पडतो. आरसा फुटला कीं तुकड्यांचे कवडसे विखुरतात. तसेच ताज्या धातूचे सुटे, ठळक ठिपके शिणलेल्या धातूच्या फिल्मवर पसरट होत कडीच्या आकारांत मिसळतात. डोळ्यांस भेग दिसण्यापूर्वींच हा फरक सुरू होतो, हें विशेष.

तथापि हे किरण पोलादांत मिलिमीटरच्या जेमतेम एक-दोन शतांशांइतकेच खोल पाहूं शकतात. शिणाची भेग बहुधा पृष्ठावरच सुरू होते हें खरें. परंतु आसाचें नाजूक ठिकाण चाकाच्या तुंब्याखालीं झांकलेलें, तेथें त्यांची गति नाहीं. म्हणून ही विद्या मुख्यतः प्रयोगशाळेची राहिली. जी. आय. पी. रेल्वेनें १८७९ सालीं परळला कारखाना उभारला, त्या काळीं रेल्वेचे कारागीर हातोडीचा ठोका मारून नादावरूनच दोष ओळखीत. आज आसाच्या टोंकांतून, मानवी कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी आंत सोडतात, आणि भेगेवर आपटून परतणारा प्रतिध्वनि यंत्र टिपून घेतें.