पीटरची होडी आणि किल्ल्यातल्या पेट्या

पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोमच्या टांकसाळीत पडलेला सोन्याचा फ्लोरिन जवळून पाहावा. एका बाजूला पोपचं कुलचिन्ह, त्यावर तिहेरी मुकुट आणि किल्ल्या. दुसऱ्या बाजूला होडीतून जाळं ओढणारा संत पीटर. ज्याचा वारसा पोप सांगतात, तो मुळात कोळी होता, हे सोन्यावरही विसरलं गेलं नाही. मला ही नाणी फार आवडतात ती त्यासाठीच.

त्याआधी, १४३१ ते १४४७ या काळात, चौथ्या युजीन पोपने आपल्या डुकॅटला व्हेनिसचं माप लावलं होतं: साडेतीन ग्रॅम, जवळजवळ निर्भेळ सोनं. व्हेनिसचा हाच डुकॅट व्यापाराबरोबर आपल्याकडे पोचला आणि पुतळी म्हणून माळेत ओवला गेला. बाजारात चालायचं तर धर्मगुरूलाही व्यापाऱ्याचंच वजन मानावं लागलं.

मग १५२७ साल उजाडलं. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने मे महिन्यात रोम लुटलं. पोप सातवे क्लेमेंट संत अँजेलोच्या किल्ल्यात अडकले. तिथे त्यांनी सोनार बेनवेनुतो चेल्लिनीला बोलावून पोपच्या मुकुटांतली रत्नं काढायला लावली. रत्नं कपड्यांच्या अस्तरात शिवली गेली आणि सोनं चेल्लिनीने स्वतः रचलेल्या भट्टीत वितळवलं. त्याने आत्मचरित्रात ते सुमारे दोनशे पौंड भरल्याचं लिहिलंय. पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी अशी राखेत ठिबकली, हे वाचताना आजही जीव हळहळतो. शरणागतीची खंडणी ठरली ४ लाख डुकॅट.

त्यानंतर लवकरच डुकॅटची जागा स्कूदोने घेतली. सोन्याचा कस आता २२ कॅरेटवर आला होता. १५२९मध्ये टांकसाळीचे ठसे कोरायचं काम मिळालं ते चेल्लिनीलाच. मुकुट वितळवणारे हात पुन्हा घडवू लागले.

किल्ल्याने मात्र ते दिवस पाहिले होते. १५८५मध्ये गादीवर आलेल्या पाचव्या सिक्स्टसने त्याच किल्ल्यात सोनं साठवायला घेतलं. पदं विकून, कर्ज उभारून पाच वर्षांत ३० लाख सोन्याचे स्कूदो पेट्यांत गेले, चांदी वेगळी. दुष्काळ, साथ किंवा परचक्र आल्याखेरीज हात लावायचा नाही, अशी आज्ञा होती. कर्जावर व्याज चढत होतं आणि पेटीतलं सोनं बाजारात फिरत नव्हतं, त्यामुळे हिशेबाने हा व्यवहार मला चुकीचाच वाटतो. पण १५२७ आठवलं की त्यामागची भीती कळते.

लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या त्या अजस्र पेट्या किल्ल्याच्या गोल खोलीत अजून आहेत.